बांधावरचा शेवगा

ज्युलियस माझा सख्खा धाकटा भाऊ. गास गावात आमची घरं अंगणाला अंगण लावून, पण तीन वर्षं बोलणं बंद. कारण काय, तर बांधावरचा शेवगा. बाबा गेल्यावर तो म्हणाला झाड माझं, मी म्हटलं माझं. चर्चमध्ये मिस्साला एकाच बाकावर बसतो, पण फादरनी ‘एकमेकांना शांती द्या’ म्हटलं की मी उजवीकडे हात जोडतो आणि तो डावीकडे. गावाला सवय झाली आहे.

त्याची कंपनी बंद पडली तेव्हा त्यानं कोंबड्या आणल्या. पहिली खेप मेली. दुसरी, दोनशे पिल्लांची, त्यानं पाल्यावर वाढवली. शेवग्याचा पाला, लसूण, हळद, सगळं वाटून खाद्यात कालवायचा. मी माझ्या बायकोला, ॲनीला म्हणायचो, "आमचा भाऊ कोंबड्यांना सांबार घालतो." हसायचो खरा, पण कोंबड्या अशा तजेलदार झाल्या की माझा जीव जळायचा. नाताळची गिऱ्हाइकं आधीच ठरलेली. ही खेप गेली तर तो पुन्हा उभा राहणार नाही, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं.

रविवारी दुपारी तो बायकोला घेऊन अर्नाळ्याला सासुरवाडीला गेला. शेवग्यावर केसाळ सुरवंट चढले होते, ते माझ्या भिंतीवर उतरायला लागले. मी पंप भरला आणि झाडावर जहाल औषध मारलं. झाड माझंच ना, मग विचारायचं कुणाला?

सोमवारी सकाळी मी दारात दात घासत होतो. ज्युलियस आकडी आणि टोपली घेऊन आला, मला बघितलं आणि तोंड फिरवून पाला काढायला लागला. माझ्या ओठावर आलं होतं, थांब म्हणून. पण आधी मी का बोलू? ॲनी बाजारातून आली की तिला सांगायला पाठवू, म्हटलं. धुऊन तर घालेलच.

ॲनी येईपर्यंत त्याचं वाटून, घालून झालं होतं. लसणापुढे औषधाचा वास कसला कळतोय?

दुपारी कोंबड्या लाळ गाळत, लटपटत पडायला लागल्या. संध्याकाळी एकही उभी नव्हती. त्याची बायको प्रिन्सी ओट्यावर बसून रडत होती. मी खिडकी लावून घेतली. भीती वाटली. खोटं कशाला बोलू, लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ज्युलियस आमच्या पायरीपाशी येऊन थांबला. हाताला चुना लागलेला, मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात टाकून आला होता.

"दादा," तो म्हणाला. तीन वर्षांनी. "लांबूनच बोलतो. माझ्याकडे रोग आलाय. तुझ्या पाच कोंबड्या कोंडून ठेव, इकडे सोडू नको. मी पाल्याच्या नादी लागलो, लस दिली नाही. माझंच चुकलं."

ॲनी माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं.

जाताना तो वळून म्हणाला, "आणि तो शेवगा तुलाच राहू दे. मला आता काय करायचाय?"

मी म्हटलं, "बरं."