गजेंद्रच्या नावाचा रोट

भटूला हळू बोलता येत नाही. बोलायचं असतं हळूच, पण बावीस-तेवीस वर्षं लिंबायतच्या लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, काढलेल्या माणसाच्या गळ्याला हळू म्हणजे काय ते आठवतच नाही. चाळीस लूम एका वेळी खडखडत असताना बाजूच्या कारागिराला "तंबाखू दे" म्हणायचं तरी देवळातल्या नगाऱ्यावर आवाज चढवावा लागतो. पुढे ते लूम भंगारात गेले, भटू घरी बसला, पण आवाज काही घरी बसला नाही.

अशा माणसाला गजेंद्रने गाइड केलं. तेही पक्षी दाखवायला.

गजेंद्र म्हणजे भटूचा सख्खा चुलतभाऊ. एका चाळीत वाढलेले, एका ताटात जेवलेले. पुढे गजेंद्रने चिंध्यांचा धंदा धरला, चिंध्यांतून गोडाऊन झालं, गोडाऊनमधून गाडी झाली, आणि गाडी आल्यावर त्याला अहिराणी येईनाशी झाली. तापीच्या मुखाशी, जिथून हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, तिथे एक बेट होतं. त्यावर एका गवळ्याचा म्हशींचा तबेला. गजेंद्रने तबेल्यासकट बेट भाड्याने घेतलं, गोठ्याच्या कडेला चार खोल्या उठवल्या आणि पाटी लावली, 'गजूज आयलंड रँच'. म्हशी तशाच, शेण तसंच, दूध काढणारेही तसेच. फक्त आता ते सगळं बघायला पाहुणे येत होते.

पाहुण्यांना गजेंद्र सांगायचा, "सात पिढ्यांपासून आम्ही इथलेच. म्हैस माझ्या डोळ्यात बघते आणि शांत होते."

भटूला त्याने नोकरी देताना एकच अट घातली होती. आपण भाऊ आहोत हे कुणाला कळता कामा नये.

"आणि तू बोलायचंच नाही," गजेंद्र म्हणाला होता. "डावीकडे, उजवीकडे, खाली बघा. बस. बाकी तोंड बंद."

भटूने अट मान्य केली. पण त्याचं स्वतःचं एक दुखणं होतं, आणि ते दुखणं पोटाचं होतं.

श्रावणात एका रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी तापीत विसर्जन. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ-मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्याचे रोट करायचे. रोट म्हणजे चाकासारखी जाड पोळी. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही आणि उरवायचा तर मुळीच नाही. आता गजेंद्र घरी यायचा बंद झाला, तरी भटूची बायको सुंदरा त्याच्या नावाची मूठ काढायची बंद झाली नाही. "जित्ता शे तवलोंग त्यानी मूठ निघीन," ती म्हणायची. मूठ निघाली की रोट व्हायचा, रोट झाला की कुणीतरी खाल्ला पाहिजे. ते कुणीतरी म्हणजे भटू. दर साली स्वतःचा एक आणि गजेंद्रचा एक. मागच्या श्रावणात दुसरा रोट संपवता संपवता त्याला दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं होतं? सुंदरा म्हणाली, भाऊ.

म्हणून या साली भटूने ठरवलं होतं, गजेंद्रचा रोट गजेंद्रच खाईल. कसा खाईल, ते मात्र ठरवलं नव्हतं. रविवारची त्याने सुट्टी मागितली, गजेंद्रने दिली नाही, कारण पर्वत पाटियाचे बन्सीलाल सेठ सहकुटुंब येणार होते. साड्यांचे मोठे व्यापारी. ते खूश झाले तर अख्खं मार्केट येणार, असा गजेंद्रचा हिशेब.

सोमवारी सकाळी भटूचा फोन वाजला. तो गोठ्यामागे गेला आणि त्याच्या मते कुजबुजला, "सुंदरा, औंदा मी त्याना रोट खावाव नही! मरी जासू, पन खावाव नही!"

समोरच्या खारफुटीतले बगळे उडाले. अंगणात चहा पिणारे बन्सीलाल सेठ म्हणाले, "गजुभाई, तुमच्या गाइडला कोण जबरदस्ती खायला घालतंय?"

"आदिवासी भाषा आहे सेठ," गजेंद्र म्हणाला. "मंत्र म्हणतोय. ट्रेकच्या आधी म्हणतात."

ट्रेकची अडचण अशी की बेट पोळपाटासारखं सपाट. बन्सीलालच्या बायकोने, गायत्रीबेनने, डोंगरावर चढायचे नवेकोरे बूट आणले होते. ती चारी दिशांना बघून म्हणाली, "पण चढायचं कशावर?"

गजेंद्रने बोट केलं. गोठ्याच्या मागे एक हिरवीगार टेकडी होती. दुमजली घराएवढी, वर छान गवत. 'सनराइज पॉइंट' अशी पाटीसुद्धा होती. भटूने तोंड उघडलं, गजेंद्रने डोळे वटारले, भटूने तोंड मिटलं. त्या टेकडीच्या पोटात काय आहे हे बेटावरच्या म्हशींना माहीत होतं, कारण ती त्यांनीच केली होती. गवळ्याच्या काळापासून.

सेठ शंभर किलोच्या आसपास. पहिले चढले तेच. शिखरावर पोचून त्यांनी दोन्ही हात वर केले, फोटोसाठी, आणि हात वरच राहिले. बाकीचे सेठ खाली गेले. कमरेपर्यंत. टेकडी आतून अजून ओली होती.

"डावीकडे!" भटू ओरडला. "उजवीकडे! खाली बघा!" त्याला तेवढंच बोलायची परवानगी होती.

दोरीने ओढून सेठना बाहेर काढलं तेव्हा त्यांचा एक बूट टेकडीने ठेवून घेतला होता. गायत्रीबेन इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. गजेंद्र म्हणाला, "सेठ, परदेशात लोक यासाठी वेगळे पैसे देतात. मड थेरपी."

"हे मड नाहीये गजुभाई," सेठ वास घेत म्हणाले.

सेठना अंघोळ घालून, दुसरे बूट देऊन खूश करायला गजेंद्रने ताबडतोब दुसरा ट्रेक काढला. म्हशींमागून चालायचं. ओहोटीला बेटाच्या बाजूची छोटी खाडी गुडघाभर होते, म्हशी ती ओलांडून पलीकडच्या उंचवट्यावर चरायला जातात आणि भरतीच्या आधी आपल्या आपण परत येतात. पुढे असायची कलेक्टरीण. सगळ्यांत जुनी म्हैस. ती उठली की सगळा गोठा उठून उभा राहायचा म्हणून तिला ते नाव पडलं होतं. भटूला भरती-ओहोटीतलं काही कळत नव्हतं. कलेक्टरीण निघाली की निघायचं, कलेक्टरीण वळली की वळायचं, एवढं त्याला कळायचं, आणि तेवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

नाश्ता परत आल्यावर करू, असं ठरलं. खाकरे, फाफडा, जिलेबी, सगळं गोठ्याच्या ओट्यावर झाकून ठेवलं. गजेंद्रने तर रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं, वजन उतरवायला तो सोळा-सोळा तास उपाशी राहायचा.

पलीकडे सगळं झकास चाललं होतं. म्हशी चरत होत्या. गजेंद्र त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर उभा राहून त्यांच्या डोळ्यात बघत होता. तेवढ्यात बन्सीलाल सेठनी पिशवीतून ड्रोन काढला. नवा होता, भाच्याकडून मागून आणलेला. तो भुणभुणत वर गेला, बराच वेळ घिरट्या घालत राहिला, मग सेठनी भलतंच बटण दाबलं आणि तो सरळ खाली, कलेक्टरणीच्या दोन शिंगांच्या मध्ये येऊन नाचायला लागला.

कलेक्टरीण असल्या प्रकाराला कधी सामोरी गेली नव्हती. तिने एकदा डोकं झटकलं, ड्रोन चिखलात गेला आणि ती वळली. तिच्यामागे सगळा कळप वळला. त्या दाणदाण आवाजाने गजेंद्र एका खारफुटीच्या झुडपावर चढला, जे त्याच्या कमरेएवढंच होतं. म्हशी खाडीत शिरल्या आणि नाकं वर काढून पोहत पार गेल्या.

"पोहत?" गायत्रीबेन म्हणाली. "येताना तर चालत आलो होतो."

सगळ्यांनी खाडीकडे पाहिलं. भरती आली होती. सेठ ड्रोनशी खेळत होते त्या वेळात ती गुपचूप येऊन बसली होती. पलीकडे ओट्यावर कलेक्टरीण जिलेबीवरचं फडकं तोंडाने बाजूला करत होती.

ऊन चढलं. या बाजूला मोबाइलला रेंज नव्हती. गजेंद्र म्हणाला, "सेठ, हा आपला सर्व्हायव्हल पॅकेजचा भाग आहे," आणि त्याच्या पोटातून असा आवाज आला की सेठना वाटलं ड्रोन पुन्हा सुरू झाला.

"भटू," गजेंद्र शेवटी म्हणाला, "ओरड."

भटूने महिनाभर दाबून ठेवलेला गळा मोकळा केला. "ओ भोऽऽऽ!"

आणि पलीकडून उत्तर आलं, तसंच खणखणीत, "कथा शेऽऽस?" म्हणजे कुठे आहेस.

सुंदरा होती. कानबाईचं विसर्जन उरकून, डोक्यावर फडक्यात बांधलेली पाटी घेऊन, राघो कोळ्याच्या, दूध न्यायला येणाऱ्या होडीतून ती बेटाकडे येत होती. राघोने आवाजाच्या दिशेने होडी वळवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. होडी काठाला लागली आणि तिचं इंजिन फट् करून बंद पडलं. राघोने पंखा वर काढून पाहिला, त्यात साडीच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"ह्या चिंध्या नदीत फेकणाऱ्याला एकदा भेटायचंय मला," राघो कोयता काढत म्हणाला. "बसा आता. कापायला तास जाईल."

गजेंद्रने तोंड दुसरीकडे केलं.

सुंदरा उतरली. तिने गजेंद्रकडे पाहिलंसुद्धा नाही. पाटी उतरवून फडकं सोडलं आणि तुपाचा, गुळाचा, भाजलेल्या कणकेचा वास सगळ्या उंचवट्यावर पसरला. दोन रोट, डबाभर खीर, गंगाफळाची भाजी.

"वा बेन!" बन्सीलाल सेठ पुढे सरकले.

"सेठ, माफ करा," सुंदरा म्हणाली. "देवीचं आहे. भाऊबंदांशिवाय कुणाला चालत नाही. तुम्हाला दिलं तर कानबाई मला सोडायची नाही." मग भटूला म्हणाली, "बस. एक तुन्हा."

"आणि दुसरा?" गायत्रीबेनने विचारलं.

"दुसरा माझ्या दिराचा. हरवलाय तो."

"अरेरे. कधी?"

"झाली की वर्षं. हुशार होता पण भित्रा फार." सुंदरा आरामात पाय पसरून बसली. "त्याचे मोठे भाऊ त्याला लुंगीचं टोक धरायला देऊन शाळेत सोडायचे. वाटेत बोकड दिसला तरी घरी परत."

भटू खाली मान घालून रोट मोडत होता. गजेंद्र हजीऱ्याच्या चिमण्यांकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पोट तर उघडउघड बोलत होतं.

"गजुभाई, तुम्ही काही बोलत नाही?" सेठ म्हणाले.

"माझा उपास आहे," गजेंद्र म्हणाला. खिरीकडे न बघता.

"एकदा तर काय झालं," सुंदरा पुढे म्हणाली, "गल्लीत एक म्हैस शिरली. साधी म्हैस. म्हातारी, दात पडलेली. एवढा दहावीतला घोडा, तिला भिऊन सार्वजनिक संडासात जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत. बाहेर बायका डबे घेऊन उभ्या आणि आतून हा रडतोय, म्हैस गेली का, म्हैस गेली का..."

गायत्रीबेन पुन्हा खाली बसली. राघोचा कोयता थांबला. बन्सीलाल सेठ मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हातारी म्हैस!"

"म्हैस नही व्हती!"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"म्हैस नही व्हती वहिनी, रेडा व्हता रेडा!" गजेंद्र उभा राहून दोन्ही हात फाकवून दाखवत होता. "एवढा! रामदासभाऊना रेडा! त्यानी दोन मान्सं पाडेल व्हतीत! तू कसाले खोटं सांगी ऱ्हायनी? आनि मी रडनू नही!"

एवढं बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

बन्सीलाल सेठनी आधी गजेंद्रकडे पाहिलं, मग भटूकडे. दोघांचं नाक एकच होतं. इतके दिवस ते कुणी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं, इतकंच.

"सात पिढ्या?" सेठनी विचारलं.

"लिंबायत," भटू म्हणाला. "पहिला माळा, जिन्याजवळची खोली."

"आणि ते डोळ्यात बघून म्हैस शांत होते ते?"

"कलेक्टरीण याला बघून झोपते, हे खरं आहे," भटूने भावाची बाजू घेतली. "तिला कंटाळा येतो."

सेठ हसू दाबत म्हणाले, "गजुभाई, मला तर संडासवाला जास्त आवडला. सात पिढ्यावाल्याने मला शेणात घातलं." मग सुंदराकडे वळून, अगदी हात जोडून, "बेन, मीही तुमचा कुणी हरवलेला दीर निघू शकतो का? थोड्या वेळापुरता?"

"नाही सेठ. नावाची मूठ काढावी लागते."

सुंदराने दुसरा रोट उचलला, त्यावर खिरीची वाटी ठेवली आणि गजेंद्रसमोर धरला.

गजेंद्र मांडी घालून चिखलात बसला, पांढऱ्या पँटसकट. पहिला घास त्याने जरा लाजत घेतला. दुसऱ्या घासाला लाज संपली. तिसऱ्यापासून तर लिंबायतच्या चाळीतला पोरगा जेवत होता, कोपरापर्यंत खीर ओघळवत, तोंडात घास असताना "वहिनी, भाजी वाढ ना" म्हणत. भटू त्याच्याकडे बघत सावकाश चावत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला रोटाची चव लागत होती. पुढचा रोट वाट बघत नसला की कणकेतला वेलदोडासुद्धा कळतो, हे त्याला माहीतच नव्हतं.

गजेंद्रचा रोट संपला. त्याने बोटं चाटली, इकडेतिकडे पाहिलं, आणि लहानपणी करायचा तसा न बघितल्यासारखं करत हात भटूच्या पानाकडे सरकवला.

भटूने त्याच्या हातावर फाडकन चापट मारली.

"तुन्हा तू खाधा! हाऊ मन्हा शे!"

खारफुटीतले उरलेसुरले बगळे उडाले. आणि पलीकडे, ओट्यावर, जिलेबी संपवून बसलेली कलेक्टरीण दचकून उठून उभी राहिली. तिच्यामागोमाग सगळा गोठा.