एका घरातला एकच

पंडितनं ट्रॉलीचं फाळकं धरलं आन एका उडीत वर चढला. मुकादमानं बोट त्याच्याकडंच केलं व्हतं का शेजारच्याकडं, हे बघायला तो थांबलाच न्हाई.

वर त्याचा बाप बसलेला.

सटवाजीनं पोराकडं बघितलं आन लगेच मान फिरवली. रस्त्यापलीकडं भिंतीवर नामांतराची घोषणा रंगवलेली व्हती, अर्धी पुसलेली. वाचता येत नसताना तो तीच बघत बसला.

परभणीतली कापसाची जिनिंग बंद पडल्यापासून मजुरांच्या नाक्यावर माणसं वाढली आन कामं घटली. मंग मजुरांनीच नेम केला, एका घरातला एकच. सगळ्यांच्या चुली पेटल्या पायजेत. सटवाजी रोज यायचा. पंडित आज पहिल्यांदा, न सांगता आलता. नेम त्याला ठाऊक व्हता. पर बापाला रोज काम भेटत न्हवतं, आन माय काल बी भूक न्हाई म्हणाली.

खालून बन्सीधर ओरडला. जागा त्याची गेली व्हती.

"ओ मुकादम, थांबा! ह्या दोघांची नाकं बघा. बापल्योक हायेत हे!"

"तुमचं तुमी बघा," मुकादम म्हणाला. "मला स्लॅब टाकायचाय. नाकं न्हाई मोजायची."

ट्रॉलीतले हसले. पंडितचं डोकं सटकलं.

"कोण बाप? मी ह्या म्हाताऱ्याला वळखत बी न्हाई!"

सटवाजीनं मुंडासं सोडलं, परत बांधलं.

"सटवाजी, घे पोराची आण," बन्सीधर म्हणाला. "मंग मी गप बसतो."

खोटी आण घेतली की ती पोरालाच भोवते, हे तिथं कोणाला सांगायची गरज न्हवती. ट्रॅक्टर धडधडायलं व्हतं.

"पोराची आण," सटवाजी म्हणाला. "हे माझं न्हाई."

बन्सीधर मागं सरला. ट्रॉली हालली तरी तो तसाच उभा व्हता, डबा हातात धरून.

कामावर घमेल्यांच्या लाईनीत नेमका बाप खाली आन पंडित त्याच्या वर, पायाडावर. माल भरलेलं घमेलं खालून यायचं, बाप वर द्यायचा. पर डोळे घमेल्यावर न्हवते, पंडितच्या पायाकडं व्हते. बांबू लय हालायला व्हता. जरा पाय सरकला की बापाचे दोन्ही हात वर यायचे, घमेलं नसताना.

"तिकडं बघ," पंडित दात खाऊन हळूच म्हणाला. "लोकं बघायलेत."

दुपारी सगळे लिंबाखाली बसले. पंडितनं भाकर आणलीच न्हवती. तो लांब जाऊन पाठ करून बसला. सटवाजीनं आपली भाकर मोडली, उठून गेला आन अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"घे बाबा. तुझ्याएवढंच माझं बी हाय एक."

"मंग त्याला का न्हाई आणत कामाला?" मुकादम म्हणाला.

सटवाजी काय बोलायच्या आधीच दत्तराव हसला. तो सटवाजीच्या शेजारी नाक्यावर रोज उभा राहायचा.

"त्याचं पोरगं आन घमेलं उचलणार? अहो, कालेजात हाय ते! ह्यो रोज सांगून सांगून कान खातो आमचे. सायब व्हणार म्हणं. आमाला म्हाईत हाय म्हणून तर सकाळी कोणी बन्सीधरचं ऐकलं न्हाई."

पंडितच्या तोंडातला घास तसाच राह्यला. त्यानं बापाकडं बघितलं. बाप बोटानं माती उकरायला व्हता.

"तू किती शिकलास रं?" दत्तरावनं पंडितला इचारलं.

"नववी. सोडली."

"का?"

"आशीच."

"ह्याच्या पोरावाणी शिकायचं व्हतं की, गड्या. बाप जीव टाकतो त्याच्यावर. तुझ्या बापानं काय न्हाई म्हणलं व्हतं का?"

पंडितनं मान खाली घातली.

"न्हाई," तो म्हणाला. "शिक म्हणून लय म्हणला व्हता."

सटवाजी उठला. पाण्याचा तांब्या पंडितपुढं ठेवला.

"ऱ्हाऊ द्या दत्तराव," तो म्हणाला. "जेवू द्या त्याला."