धोंडिबाचा हात

धोंडिबा साळव्याला म्हातारा म्हटलेलं चालायचं, पण मोर्समध्ये चुकतोस म्हटलेलं अजिबात खपायचं नाही. कल्याण स्टेशनच्या तारघरात त्याची उभी हयात डॉट आणि डॅश वाजवण्यात गेलेली. रिटायर झाल्यावर माणसं कट्ट्यावर बसून सरकारला शिव्या घालतात. यानं हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, लायसन काढलं आणि गच्चीवर एरियलची तार ताणली. रोज सकाळी चहा झाला की भुसावळच्या सीतारामशी गप्पा, त्याही मोर्समध्येच. सीताराम त्याच तारघरातला जुना जोडीदार, रिटायर होऊन गावी गेलेला. 'जय भीम' झालं की गुडघे, सुना, भरताची वांगी, सगळं त्या तारेवरून यायचं.

मग धोंडिबाचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीतला चहा सांडायचा, नंतर डॉट सांडायला लागले. नको तिथे एक जास्त पडायचा आणि शब्दाचा पार चुथडा व्हायचा. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. धोंडिबानं मान डोलावली, आणि घरी येऊन तडक लेकीला, शकूला, फोन लावला.

शकूचा डोंबिवलीत कॉम्प्युटरचा क्लास. तिनं क्लासमधलं एक जुनं मशीन कल्याणला आणून रेडिओला जोडून दिलं. आपण कीबोर्डवर टाइप करायचं, मोर्स वाजवायचं काम प्रोग्रॅमचं. थरथरत्या बोटानं भलतीच कळ दाबली गेली तर खोडायचीही सोय. धोंडिबा एकदम खूश. दुसऱ्याच दिवशी त्यानं सीतारामला अख्खा मजकूर बिनचूक पाठवला.

उत्तर आलं, "कोण बोलतंय? हा धोंडिबाचा हात नाही. यंत्राशी मी बोलत नाही. त्याला बोलवा."

"अरे, मीच आहे," धोंडिबानं टाइप केलं. भुसावळ गप्प. दुसऱ्या सकाळीही गप्प.

तारेतली माणसं एकमेकांना हातावरून ओळखतात. धोंडिबा शेवटचा डॅश जरा ओढायचा, शब्द संपला की दम खायचा. प्रोग्रॅम मात्र सगळं एका मापाचं वाजवत होता. 'हा धोंडिबाचा हात नाही' हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. रात्रंदिवस शेजारी बसून काम केलेल्या माणसानं ओळखू नये म्हणजे काय.

"फोन करा की सरळ त्यांना," बायको भीमाबाई म्हणाली.

"फोनवर कोणीपण बोलतं," तो म्हणाला. "मला तारेवर ओळखलं पाहिजे त्यानं."

झालं, गडी हट्टाला पेटला. प्रोग्रॅममध्ये सेटिंगचं एक पान होतं. वेग, डॅशची लांबी, शब्दांमधलं अंतर, सगळे आकडे बदलता येत होते. धोंडिबा आकडा बदलायचा, डोळे मिटून ऐकायचा, नाक मुरडायचा, परत बदलायचा. शनिवार-रविवार तो शकूकडे असायचा, तिथे त्याचा दुसरा, छोटा रेडिओ होता. म्हणून प्रोग्रॅमची फ्लॉपी खिशात घालून इकडून तिकडे. आता कल्याणचा जुना रेडिओ आळशी. बोलायला उठेपर्यंत पहिला डॉट गिळून टाकायचा, म्हणून प्रोग्रॅमला जरा थांबून सुरुवात करायला सांगावं लागे. डोंबिवलीचा रेडिओ चटपटीत, त्याला ते थांबणं नको. एकाची सोय केली की दुसऱ्याची गैरसोय. आणि कळस म्हणजे, रात्री जमवून ठेवलेलं सकाळी सगळंच पुसलेलं असायचं. हाताची ठेवण गायब, पुन्हा मूळचे आकडे.

"तुझ्या मशीनच्या डोक्यात काही राहत नाही," त्यानं शकूला फोनवर झापलं. "माझ्यापेक्षा म्हातारं दिसतंय."

त्या रविवारी शकूच कल्याणला आली आणि त्याच्या शेजारी बघत बसली. धोंडिबानं तासभर आकड्यांशी झटापट केली, मनासारखं वाजवून घेतलं, आणि उठण्याआधी शांतपणे 'मूळ सेटिंग' निवडून सेव्ह केलं.

"आप्पा, हे काय केलंत?"

"आवरलं. तारघरात टेबल सोडताना तारेच्या खटक्याची स्प्रिंग मोकळी करून ठेवायची. आपल्या हाताला लावलेला खटका पुढच्या ड्युटीवाल्याला देऊ नये. एवढी रीत पाळली नाही तर साहेब सोलून काढायचा."

"अहो, पण इथे तुमच्यानंतर ड्युटीला कोण येणार आहे?"

 धोंडिबाला आधी स्वतःचं हसू आलं, मग वाईट वाटलं. खरंच कोणी येणार नव्हतं. मोर्स शिकणारं पोर आता कल्याणात शोधूनही सापडलं नसतं.

शकूनं एक कल्याणची, एक डोंबिवलीची, अशा दोन वेगळ्या सेटिंग नावं देऊन ठेवायला शिकवलं. ज्या घरी बसाल त्या घरची उघडायची, आणि आवरायचं नाही, हे तिनं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्या सकाळी त्यानं कल्याणची उघडली, सीतारामला हाक घातली आणि 'जय भीम' पाठवलं. शेवटचा डॅश ओढून, दम खाऊन.

 मग भुसावळहून आलं, "धोंड्या?"

"हो."

"हात बरा झाला तुझा?"

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सीतारामशी खोटं बोलायला त्याचं मन होईना. त्यानं टाइप केलं, "नाही. हात गेला. ही सेटिंग आहे, मी माझ्यासारखी बसवली."

 मग एकेक अक्षर अडखळत आलं, "माझा पण जातोय. तुला सांगितलं नाही. त्या दिवशी मशीन ऐकलं आणि भ्यालो. वाटलं, आपण असे पुसले जाणार. नातवाकडे कॉम्प्युटर आहे. माझी बसवशील?"

 सीताराम हल्ली थोडक्यात आटपतो ते धोंडिबाला कळत होतं, पण सुनांचं काहीतरी असेल म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. स्वतःचा त्याला भयंकर राग आला. त्यानं 'संध्याकाळी बस तारेवर' असं कळवलं, नवी सेटिंग उघडली आणि नाव दिलं सीताराम. सीताराम घाईचा माणूस. डॅश आखूड, शब्दाला शब्द चिकटलेला, आणि आकडा आला की एकदम सावकाश, चूक व्हायला नको म्हणून. हे त्याला कोणाला विचारावं लागलं नाही. भीमाबाईनं जेवायला दोनदा हाक मारली, तो उठला नाही.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे त्यानं हाक घातली आणि एक ओळ सीतारामच्या हातानं सीतारामलाच पाठवली.

"असाच वाजवायचो मी," भुसावळहून आलं. आणि थोड्या वेळानं, "परत वाजव."

धोंडिबानं परत वाजवलं. मग डोळे पुसले आणि नातवाच्या मशीनमध्ये भरायला सेटिंगचा एकेक आकडा सांगायला घेतला.