बाबांना आलेली चक्कर

नवऱ्याची दारू सोडवायला तिनं जिवाचं रान केलं होतं, हे त्या खोलीतल्या एकाच्याही लक्षात नव्हतं. दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलेला दारू सोडणाऱ्यांच्या गटाचा नंबर तिनं हेरला, फोन तिनं केला, पहिल्यांदा चौकशीला तीच आली. आणि तो हातावर तुरी देऊन सटकू नये म्हणून पहिलं वर्षभर जिन्याखालच्या बाकड्यावर राखण करत तीच बसली. दिवसभर कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायच्या आणि संध्याकाळी इथं डास मारायचे. वर शाळेच्या वर्गात तो मन मोकळं करायचा. हिचं मन मोकळं करून घ्यायला कुणाला वेळ होता?

गटात आडनाव कुणी विचारत नाही, जो तो धंद्यावरून ओळखला जातो. जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारा तिचा नवरा तिथं 'वायंडर' होता, आणि सभा चालवणारे, बसखात्यातून निवृत्त झालेले 'कंडक्टरकाका'. दारू सुटल्याचं वर्ष भरलं की वाढदिवस करायचा आणि घरच्या माणसाच्या हातून पदक द्यायचं, ही तिथली रीत. आज वायंडरचा तिसरा वाढदिवस. पदकाची डबी तिच्या मांडीवर होती. शेजारी कॉलेजातली लेक, परीक्षा संपल्यामुळे पहिल्यांदाच आलेली.

पदक घेण्याआधी चार शब्द बोलायचे असतात. वायंडर उठला. घरात ह्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे नाकी नऊ यायचे, इथं मात्र गडी रंगात यायचा.

"एकदा पोरीला शाळेतून आणायचं काम माझ्याकडं आलं," तो म्हणाला.

अहो, दुसरं काहीही सांगा, ती मनातल्या मनात म्हणाली. सांगण्यासारखं कमी केलंय का तुम्ही? हे तेवढं नको.

"आणली की. गुत्त्यासमोरच्या कट्ट्यावर बसवली, म्हटलं आलोच. आत गेलो आणि मागच्या दारानं सरळ घरी. माझा डबा घेऊन, छत्री घेऊन, पोरीचं दप्तरसुद्धा घेऊन. सगळं शाबूत. फक्त पोरगी तेवढी राहिली."

खोली खदखदून हसली. तिथं हसतातच. प्रत्येकाच्या गाठीशी अशी एखादी गोष्ट असते आणि ते हसणं म्हणजे 'आम्हीही तसलेच' असं सांगणं असतं. हे तिला ठाऊक होतं, तरी त्या हसणाऱ्या एकेका तोंडात मारावीशी वाटली. त्या दिवशी दिवेलागणीला ती कट्ट्याशी पोचली तेव्हा पहिलीतली पोर रडतही नव्हती. "बाबा इथंच बस म्हणाले," एवढंच बोलली. फ्रॉक ओला झाला होता.

तिथल्या तिथं तिनं खोटं रचलं. बाबांना चक्कर आली, लोकांनी दवाखान्यात नेलं, गाडीत घालतानाही ते तुझंच नाव घेत होते. नंतर बापानं शिव्या दिल्या, भांडी फोडली, तरी पोर म्हणायची, "पण बाबा मला कधी विसरले नाहीत." बापाचं म्हणून पोरीकडं तेवढंच होतं. पोरीला चक्करच सांगायची, असं नवऱ्यालाही तिनं तेव्हाच बजावलं होतं. तो हो म्हणालाही होता, पण प्यायलेल्या माणसाच्या हो म्हणण्याला काय अर्थ.

लेक तिच्याकडं बघत होती. "आई, त्यांना चक्कर आली होती ना?"

तिनं मांडीवरच्या डबीचं झाकण उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"आज पोरीसमोर खरं बोललो," वायंडर डोळे पुसत म्हणाला. "माफ कर, बाळा."

लेक उठली. आईच्या मांडीवरची डबी तिनं उचलली, पुढं जाऊन पदक स्वतःच्या हातानं बापाला दिलं आणि त्याच्या गळ्यात पडली. मग काय, टाळ्या थांबेचनात.

चहाच्या वेळी लेक आली ती तोंड फुगवूनच. "लहान होते तोवर ठीक होतं. नंतर का नाही सांगितलंस? मी रोज दुकानात फोन करायचे, बाबा जेवलात का, चक्कर येईल म्हणून. किती मूर्ख बनवलंस मला."

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं..."

"बाबा निदान खरं तरी बोलले."

कंडक्टरकाका माणूस चांगला. कप सांभाळत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, शनिवारी घरच्यांचाही गट भरतो. या एकदा. झाकून ठेवायची सवय, हाही आजारच असतो."

म्हणजे प्यायला हा आणि आजारी ही. घ्या. ती त्यांना "बरं" म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

जिना उतरताना बापलेक पुढं होते, कट्ट्याच्याच गोष्टीवर हसत होते. तिला पायऱ्या दिसेनाशा झाल्या. आज पदक द्यायचं म्हणून सकाळपासून धड घास उतरला नव्हता. कशीबशी खाली आली आणि जिन्याखालच्या त्या बाकड्यावर मटकन बसली.

"अगं, चल ना," वायंडर म्हणाला. "बसलीस काय?"

"चक्कर येतेय."

लेकीनं वळून पाहिलं. "आई," ती शांतपणे म्हणाली, "आता पुरे कर." आणि बापाचा हात धरून फाटकाकडं चालू लागली.

बाकड्याची कड धरून ती डोळ्यांपुढची अंधारी ओसरायची वाट बघत राहिली. तिथं बसून वाट बघायची सवय तिला होतीच.