धूम्रमुक्त कार्यालयाची राखदाणी

‘हे कार्यालय पूर्णतः धूम्रमुक्त असून येथे कोणीही धूम्रपान करीत नाही,’ असे नांदुऱ्यातल्या आमच्या कार्यालयाच्या दारावर लिहिले आहे. मित्रांनो, पहिला अर्धा भाग खरा आहे. धूर आत उरला नाही, तो कुंपणापलीकडे गेला. दुसरा अर्धा भाग किती खरा, हे मला विचारा. मी एक जुनी पितळी राखदाणी आहे.

तांबटाने ठोकून घडवल्यापासून मी मोठे बाबू नारायणराव यांच्या टेबलावर होते. येणारा-जाणारा माझ्या नक्षीचे कौतुक करी आणि माझ्यात निखारा विझवी. मग बंदी आली. ती योग्यच होती; त्या धुराने खोकणारी माणसे मी पाहिली आहेत. पण सिगारेटी खिशांत राहिल्या आणि भंगारात गेले मी. राखदाणी हा धूम्रपानाचा पुरावा ठरतो म्हणे!

कुंपणामागे चहा विकणाऱ्या सोजराबाईने मला उचलले, चिंचेने घासले, माझ्यात आले ठेवले. तिच्या टपरीचा कूड पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा. नारायणराव तिथेच सिगारेट ओढत, आणि थोटूक जमिनीवर सापडू नये म्हणून कुडाच्या फटीत खोचत.

“बाबूजी, कुडात नका खुपसू. हे राखदाणी घ्या नं, अद्रक काढून ठेवते.”

“लपव ते, माय! साहेबानं पाह्यलं त म्हणतीन, राखदाणी आहे म्हंजे पेणारा आहेच.”

“मंग, नाही काय?”

“ऑफिसात नाही!”

सोजराबाई भाचीच्या लग्नाला सोनाळ्याला गेली, त्या दुपारी टपरी जळाली. चौकशीत साहेबांचा तर्क बिनतोड होता: इथे कोणी सिगारेट ओढत नाही, सबब ठिणगी चुलीचीच. बाईने जागा सोडावी, असा हुकूम झाला.

“मी त सोनाळ्याले होती, साहेब! चूल काय आपल्याआप पेटली?” सोजराबाई म्हणाली. तर्काला या माहितीची गरज भासली नाही. काळवंडलेल्या मला पिशवीत घेऊन ती जायला वळली.

मित्रांनो, वाईट सवय चारचौघांतून जरूर हाकला. पण ज्याच्या हाती विस्तव आहे, त्याला विझवायची जागा ठेवा. नाहीतर तो ती दुसऱ्याच्या घरात शोधतो.

तेवढ्यात नारायणराव उठले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते:

“साहेब, थोटूक माहं होतं. जमिनीवर टाकलं असतं त सापडलो असतो, म्हणून कुडात खोचलं. बाईनं राखदाणी पुढं केली होती. मीच लपवाले लावली.”