फायदा कोणाचा, गाढवाला विचारा

मी रस्मीचं गाढव बोलतोय. उभं राहून बोललो असतो, पण गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा बसल्या जागेवरूनच ऐका.

माझा जन्म बैत लाहिया गावचा, स्ट्रॉबेरीच्या शेतातला. आई फळांच्या पेट्या ओढायची आणि मी तिच्या मागे फिरत पडलेली फळं खायचो. इतकं सुख पुन्हा कधी मिळालं नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही त्याची वाट बघत बसणार नाही.

अंगात बळ आल्यावर रस्मीच्या बापानं मला विकत घेतलं. शहरातल्या शुजाइया वस्तीच्या गल्ल्यांत तो भाजी विकायचा. तोंडानं शिवराळ होता, पण आधी मला पाणी दाखवायचा आणि मग स्वतः चहा प्यायचा. तो गेला आणि मी रस्मीच्या वाट्याला आलो. रस्मीला माझी लाज वाटायची. त्यानं तीनचाकी टेम्पो घेतला आणि मला उकिरड्यापाशी नेऊन बांधलं. येणारे-जाणारे खडे मारायचे. मी म्हटलं, ठीक आहे, निवृत्त झालो म्हणायचं.

मग लढाई सुरू झाली. डिझेल संपलं, टेम्पो भिंतीखाली चिरडला, आणि एका सकाळी रस्मी दोर घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. खुरात काच रुतली होती. ती काढायला त्यानं खरंच माझे पाय धरले.

तेव्हापासून काय ओढलं नाही ते विचारा. सकाळी पीठ, दुपारी त्याच गाडीवर जखमी माणसं, संध्याकाळी कुणाचा तरी गाद्यांसकट संसार. इथून तिकडे जा असा सैन्याचा हुकूम आला की माणसं निघायची. तिकडे पोचली की तिथूनही उठायचा हुकूम यायचा. चारा नव्हताच, म्हणून पुठ्ठे खाल्ले. पुठ्ठा बराच वेळ चावावा लागतो, एवढंच त्याचं कौतुक.

अशात युद्धबंदी झाली. तंबूतंबूंतून माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली आणि दुसऱ्या दिवशी भांडायला लागली. यात फायदा कोणाचा? आमच्या तंबूत या भांडणाचे दोन पैलवान होते. एक माझा मालक रस्मी. दुसरा तहसीन, रस्मीच्या मोठ्या बहिणीचा दीर, पूर्वीचा शिंपी. दोघांना खायला कमी आणि बोलायला फार होतं.

ती बहीण म्हणजे उम्म वजदी, वजदीची आई. नवरा केव्हाच गेलेला, एकुलता एक मुलगा. पळापळीत ब्लँकेटं घरी राहिली होती. ती आणायला वजदी शुजाइयाला परत गेला आणि घर त्याच्या अंगावर आलं. गेल्या हिवाळ्यापासून तो तिथेच स्लॅबखाली होता. तिकडे सैन्य होतं, कुणाला जाता येत नव्हतं. सांत्वनाला येणाऱ्या बायकांना ती परत पाठवायची. म्हणायची, माझ्या पोराला अजून आंघोळ घातलेली नाही, माती दिलेली नाही, तुम्ही सांत्वन कसलं करता?

रस्ता उघडला तसं तिनं रस्मीला गाडी जुंपायला सांगितलं. टँकरपाशी रांग लावून तिनं पाण्याचा कॅन भरून आणला होता. आमच्याकडे नळाला येतं ते खारं. गोडं पाणी माणसं घोटाघोटानं पितात. कॅन बघून तहसीन म्हणाला, "उम्म वजदी, तो शहीद आहे. शहिदाला आंघोळ घालत नाहीत. आहे तसाच मातीत ठेवतात."

"शहीद तुमचा," ती म्हणाली. "माझा वजदी ब्लँकेट आणायला गेला होता. अंगभर सिमेंट असेल त्याच्या. मी धुणार."

कॅन तिनं मांडीवर घेतला आणि आम्ही निघालो.

रस्ता कसला, खड्डे आणि वाळू. वर दोघे पैलवान सुरू झाले. तहसीनचं म्हणणं, फायदा पलीकडच्यांचाच. आपल्याकडे असलेले त्यांचे ओलीस घरी जातील, सैनिक झोप काढतील, रणगाड्यांना तेलपाणी होईल, आणि मग आहेच पुन्हा. रस्मीचं म्हणणं, फायदा आपल्या पुढाऱ्यांचा. रेडिओवर विजय झाला म्हणतात, तर तो विजय कुठे पडलाय ते दाखवा, गाडीत घालून आणतो. पीठ तरी येतंय ना, असं पुढे त्यानंच म्हटलं, तर तहसीन म्हणाला, म्हणजे फायदा व्यापाऱ्यांचा. शेवटी रस्मी वैतागून म्हणाला की गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, अशी आपली गत. गाढव अजून गेलेलं नाही, ते तुम्हाला ओढतंय, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. चढावरसुद्धा कुणी उतरलं नाही. मला तहान लागली होती आणि पाठीमागे त्या कॅनमध्ये पाणी डुचमळत होतं.

"तिकडच्या आयांना त्यांची पोरं परत मिळतायत," तहसीन म्हणाला. "आपल्या हाती काय?"

उम्म वजदी इतक्या वाटेत पहिल्यांदाच बोलली. "मिळू देत. मीपण माझं आणायलाच निघालेय."



शुजाइयात गल्ली ओळखू येईना. कुठलं घर कुठलं, सगळा एकच ढिगारा. तिघांनी हातांनी, पहारीनं दगड काढले. लोखंडी घमेल्यातून माती बाहेर टाकली. दुपार कलताना तो सापडला. ब्लँकेट छातीशी धरलेलं होतं. आंघोळ घालायला शरीर राहिलं नव्हतं. जाकीट होतं आणि आत हाडं होती.

रस्मी तोंड फिरवून उभा राहिला. तहसीन, ज्याचा आंघोळीला विरोध होता, तोच खाली बसून म्हणाला, "थोडं शिंपड तरी, उम्म वजदी. तेवढं चालतं."

तिनं नकारानं मान हलवली. "मला त्याचं तोंड धुवायचं होतं."

कफनासाठी आणलेल्या पांढऱ्या कापडात तिनं एकेक करून सगळं गोळा केलं. कुणाला हात लावू दिला नाही. गाठोडं उचलताना ती थबकली. आपण इतकं हलकं काहीतरी उचलतोय, हे तिच्या हातांना पटत नव्हतं. ते गाडीवर ठेवून तिनं घमेलं पुसलं, माझ्यापुढे ठेवलं आणि कॅन त्यात ओतला.

"पी बाबा," ती म्हणाली. "सकाळपासून ओढतोयस."

माणूस असतो तर नको म्हणालो असतो. मी गाढव. मी सगळं प्यायलो.

जवळच्या मोकळ्या जागेत त्याला माती दिली. परतीच्या वाटेवर ती मोठ्यानं रडली, इतके महिने साठवलेलं रडली. मला ऐकवत नव्हतं. रस्मी खाली उतरून माझ्या मानेवर हात ठेवून चालत होता.

ते दिवस गेले. आता माझे गुडघे गेलेत आणि आभाळात पुन्हा विमानांची घरघर ऐकू येतेय. माझ्या शेजारी बसून माणसं तोच वाद घालतात, फायदा यांचा की त्यांचा. घाला बापडे. माझं मागणं इतकंच की चढ आला की गाडीतून उतरून वाद घाला.

बाकी मला कुणी विचारत नाही. पण त्या युद्धबंदीत ज्याचा नक्की फायदा झाला असा एक जण मला ठाऊक आहे. एका पोराचं तोंड धुवायला त्याच्या आईनं आणलेलं पाणी माझ्या पोटात गेलं. ते मी आता कुणाला परत करू?