पाचवं विमान

डोंबिवलीत त्या काळी चष्मा मुलाला असला तर तो हुशार ठरे आणि मुलीला असला तर अधू. म्हणून १९४९च्या त्या रविवारी पाहुणे फाटकाशी दिसताच अण्णांनी लेकीच्या, उत्तराच्या, नाकावरचा चष्मा उतरवला आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकला.

"तासाभराचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले.

उत्तराच्या मते प्रश्न जन्माचा होता. चष्म्यापायी आधीची स्थळं परत गेली होती आणि हे स्थळ तिला हवं होतं. कल्याणच्या विश्राम फणसळकरने युद्धात ब्रह्मदेशावर पाच जपानी विमानं पाडली होती. त्याचं तिला विशेष नव्हतं. पण वाचनालयातल्या सत्काराला तो दोन वाक्यं बोलून खाली बसला, हे ऐकूनच तिला तो आवडला होता.

आता तो समोर होता, म्हणजे असावा. चष्म्याशिवाय तिला जवळचं, लांबचं सगळंच धूसर. लुगड्याचा रंग दिसला त्या त्याच्या मंदाकिनीआत्या, एवढं ताडून तिने पोह्यांची बशी दुसऱ्या खुर्चीपुढे अदबीने धरली. त्या खुर्चीत अण्णांची छत्री आणि टोपी होती.

तिसऱ्या खुर्चीतून कोणी तरी उठलं, छत्री-टोपी बाजूला ठेवून तिथे बसलं आणि बशी घेतली.

"नोकरी कायम होती ना?" अण्णांनी घाईने विचारलं.

"युद्ध संपेपर्यंत," विश्राम म्हणाला.

आत्यांनी पिशवीतून सुई-दोरा काढला. "ओव बरं, मुली. आमच्याकडे पद्धत आहे."

उत्तराच्या हातात सुई आली. सुईचं भोक आलं नाही.

"आत्या, पहिलं विमान कसं पाडलं, ते तुला सांगितलं नाही ना?"

"चार वर्षं विचारतेय, मेल्या."

मग दोन वाक्यांत सत्कार आटोपणारा माणूस जो सुटला! पहिलं ढगातून अचानक समोर आलं, दोघेही दचकले, याचं बोट आधी दाबलं गेलं. दुसऱ्यावर सूर्य पाठीशी घेऊन वरून झडप. तिसऱ्याच्या नादात याचंच इंजिन पेटलं. हवाई छत्रीने भातखाचरात उतरला, तर गावकऱ्यांनी जपानी समजून बांधून ठेवला. आत्या "सुई..." म्हणाल्या, तेव्हा चौथं आलं.

"पाचवा माझ्या पाठीवर होता. अण्णा, तुम्ही जरा जपानी व्हा."

होऊ घातलेल्या जावयाला नाही म्हणायची रीत नाही. अण्णा हात पसरून उभे राहिले.

"मी एकदम वेग कमी केला, हा पुढे निघून गेला. आता वाका. अजून खाली."

अण्णा इमानाने कोसळले आणि त्यांच्या खिशातला चष्मा आत्यांच्या पायाशी पडला.

"हा कुणाचा?"

"माझा," अण्णा जमिनीवरून म्हणाले. त्यांचा त्यांच्या नाकावर होता.

विश्रामने तोंड उघडलं. बहुधा सहावं विमान येणार होतं. पण उत्तरा उठली. "माझा आहे," म्हणत तिने चष्मा घातला आणि सुई ओवून आत्यांच्या हातात दिली. मग तिने प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. कान जरा मोठे होते. बाकी ठीक.

"तुला कधी कळलं रे?" आत्यांनी भाच्याला विचारलं.

"फाटकातूनच. अण्णा खिडकीत उभे राहून हिच्या नाकावरचा चष्मा काढत होते."

आत्यांनी ओवलेली सुई उजेडात धरून पाहिली.

"एकाला मैलावरचं दिसतं, एकीला सुईचं भोक. संसाराला पुरे. उठा आता, अण्णा, मुहूर्त बघायचाय."